पेन उचलायचं कधी?

प्रश्न : माझा पुतण्या फ्रान्सला लियाँ शहरात शिकायला आहे. दिवाळीला आला तेव्हा माझ्या मुलीसाठी तिथल्या शाळेतली वही घेऊन आला. मुलगी पाचवीत आहे, गुजराती माध्यमात. मराठी तिला मी घरी शिकवते. वही उघडली आणि आम्ही दोघी चक्रावलो. दुरेघी-चौरेघी आपल्याला माहीत आहे, पण इथे रेघांची जाळीच. पुतण्याने पहिल्या पानावर पाच-सहा ओळी फ्रेंच कर्सिव्हमध्ये लिहून दिल्या. अक्षरं एकमेकांचा हात धरून चाललेली आणि डोक्यावर कुठे तिरकी काडी, कुठे टोपी, कुठे दोन टिंबं. एकाला तर खाली शेपूट. मुलीने विचारलं, "आई, ही यांची मात्रा-वेलांटी का?" मला सांगता येईना. म्हणून विचारते. (१) वहीत एवढ्या रेघा कशासाठी? (२) ही चिन्हं काय सांगतात, आणि ती लिहिता लिहिता देतात की शब्द संपल्यावर? (३) मोठ्या अक्षरांवरही ती द्यावी लागतात का? (४) आपल्याकडे असं जोडून लिहायची पद्धत होती का? मुलगी गुजरातीच्या सवयीने मराठीतही वरची रेघ देत नाही आणि टिंबं विसरते. तिला किती रागवावं?
— एक वाचक, भेस्तान (सुरत)

उत्तर : ताई, निम्मं उत्तर तुमच्या मुलीनेच दिलंय. ती त्यांची मात्रा-वेलांटीच आहे. उरलेलं निम्मं सांगायला मात्र मला लियाँहून निघून तुमच्या सुरतेतून आणि थोडं पुण्यातून फिरून यावं लागेल. क्रमाने घेऊ.

(१) जाळीची वही

या आखणीला फ्रान्समध्ये सेयेस म्हणतात. पॅरिसजवळच्या पोंत्वाझ गावातल्या झाँ-अलेक्झांद्र सेयेस नावाच्या पुस्तक-कागद विक्रेत्याने १८९२ मध्ये ती नोंदवून घेतली. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी तिथली मुलं याच जाळीवर अक्षर गिरवतात.

वही जवळ घ्या आणि पट्टी लावून बघा. ठळक रेघा एकमेकींपासून ८ मिलिमीटरवर आहेत, उभ्याही आणि आडव्याही. दोन आडव्या ठळक रेघांच्या मध्ये तीन फिक्या रेघा आहेत, म्हणजे दर २ मिलिमीटरला एक. डावीकडे लाल समास. ठळक रेघ ही अक्षराची जमीन. तिच्यावर अक्षरं उभी राहतात आणि फिक्या रेघा त्यांची उंची ठरवतात. छोटा 'ए', 'ओ', 'एम' यांना एक घर. 'डी' आणि 'टी'ला दोन. 'एल', 'बी', 'एच' यांच्या उंच फासांना तीन, आणि मोठ्या लिपीतल्या अक्षरांनाही तीन. 'जी' आणि 'वाय'च्या शेपट्या जमिनीखाली दोन घरं उतरतात. आपल्या इंग्रजीच्या चौरेघी वहीत 'डी' आणि 'एल' एकाच उंचीचे. फ्रेंच पोराला मात्र 'डी' एक घर बुटका ठेवावा लागतो.

तुमच्याकडे लूमचं काम जवळून पाहिलेलं असेल, तर हे पान ओळखीचं वाटेल. जेकार्डची नक्षी कापडावर उतरवण्याआधी ज्या चौकटींच्या कागदावर मांडतात, त्याचाच हा भाऊ शोभेल. योगायोग असा की जेकार्ड हे नाव ज्यावरून आलं तो जोसेफ-मारी जाकार तुमच्या पुतण्याच्या लियाँचाच. त्याने १८०४ मध्ये तो माग दाखवला. एकाच्या चौकटीत धागे बसले, दुसऱ्याच्या चौकटीत अक्षरं.

या शिस्तीचं फ्रेंचांना फार कौतुक. बॉलपेन तिथल्या शाळांत अधिकृतपणे आलं ते थेट १९६५ मध्ये. तोवर दौत आणि टाक. खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक, ही सगळी नजाकत टाकाच्या निबातून येणारी. पुढे २०१३ मध्ये त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने कर्सिव्हचे दोन नमुने शिक्षकांसाठी उपलब्ध करून दिले. संगणकाच्या काळात एखाद्या देशाचं सरकार पोरांच्या 'एल'च्या फासाची काळजी करतं, हे मला तरी आवडलं.

(२) काडी, टोपी, टिंबं, शेपूट

आता मुख्य प्रश्न. उदाहरणाला एकच शब्द घेऊ : 'एलेव'. अर्थ विद्यार्थी. रोमन लिपीत त्याची पाच अक्षरं : ई, एल, ई, व्ही, ई. पाचांत तीन 'ई'. कर्सिव्हमध्ये 'ई' म्हणजे एक छोटा फास आणि 'एल' म्हणजे तोच फास तीनपट उंच. म्हणजे सगळा शब्द फासांचाच, वेणी घातल्यासारखा. हात एका दमात जातो : छोटा फास, उंच फास, छोटा फास, 'व्ही'चा झोका, शेवटचा छोटा फास, संपलं. पेन एकदाही उचललं नाही.

पण या तीन 'ई'चे उच्चार तीन तऱ्हांचे. पहिला ओठ ताणून म्हटलेला 'ए'. दुसरा तोंड जरा जास्त उघडून, 'ए' आणि 'ॲ' यांच्या मधला. तिसरा मुका. कागदावरच्या वेणीत मात्र तिघे सारखेच. म्हणून शब्द संपल्यावर हात मागे येतो आणि पहिल्या 'ई'वर उजवीकडून डावीकडे उतरणारी एक काडी देतो. दुसऱ्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी. तिसऱ्याला काहीच नाही. आता वाचणाऱ्याला कळलं, कोणता फास कसा म्हणायचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. सलग लिहायचं ते आधी, आणि 'आय'वरचं टिंब, 'टी'ची आडवी दांडी, काड्या-टोप्या हे सगळं मागे येऊन. सगळ्याच शब्दांत पेन शेवटपर्यंत टेकलेलं असतं असंही नाही. 'ए', 'डी', 'ओ', 'क्यू' अशा गोल अक्षरांच्या आधी क्षणभर पेन उचलायला शाळेत शिकवतात, कारण गोल उलट्या बाजूने सुरू होतो. पण डोक्यावरच्या चिन्हांसाठीचं उचलणं निराळं. ते हाताची सोय म्हणून केलेलं नसतं.

काडीचा कल डावा की उजवा, एवढ्याशा फरकावर उच्चार फिरतो याचं नवल वाटत असेल, तर आपली वेलांटी आठवा. पहिली डावीकडून, दुसरी उजवीकडून. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बापुडा. उकारही तसाच. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. सुरतेत राहून हा फरक विसरलात तर धंद्याचं कठीण आहे!

उरलेल्या चिन्हांपैकी दोन पटकन सांगतो. दोन टिंबं सांगतात की शेजारच्या स्वरात मिसळू नका, मला वेगळं म्हणा. 'सी'च्या खालचं शेपूट सांगतं की इथे 'क' म्हणू नका, 'स' म्हणा. ते शेपूट म्हणजे मुळात 'सी'खाली लटकवलेला छोटासा 'झेड'. तुमच्या पुतण्याने 'फ्रांसे', म्हणजे फ्रेंच, हा शब्द कुठेतरी लिहिला असेलच. शेपूट तिथे सापडेल.

टोपीची गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. फ्रेंच 'ओपिताल' म्हणजे हॉस्पिटल. 'फोरे' म्हणजे फॉरेस्ट. 'फेत' म्हणजे सण, इंग्रजीतला फेस्टिव्हल. 'बेत' म्हणजे जनावर, इंग्रजी बीस्ट. या चारही फ्रेंच शब्दांत एका स्वरावर टोपी आहे आणि चारही इंग्रजी जोड्यांत त्या जागी 'स' ऐकू येतो. तो 'स' फ्रेंचमध्येही होता. बोलण्यातून तो कधीच गळून गेला होता, लिहिण्यात मात्र मुका बसून राहिला होता. फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या १७४० च्या आवृत्तीत असले मुके 'स' काढून टाकले आणि पुष्कळ ठिकाणी आठवण म्हणून स्वरावर टोपी ठेवली. म्हणजे टोपी ही गेलेल्या अक्षराची समाधी आहे.

हे ऐकून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपली जुनी मराठी आठवेल. आजोबांच्या पत्रांत 'गांव', 'नांव', 'पांच', 'केंस' असं टिंब देऊन लिहिलेलं असायचं. उच्चार त्यांचाही 'गाव' आणि 'पाच' असाच होता. ते टिंब 'ग्राम' आणि 'नाम' यांतल्या 'म'ची, 'पंच'मधल्या अनुनासिकाची आठवण सांगत होतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. फ्रेंचांनी जिथे 'स' काढून टोपी ठेवली, तिथे आपण टोपीही उतरवली.

फ्रेंचांनीही नंतर प्रयत्न केला. १९९० च्या सुधारणेत 'आय' आणि 'यू'वरची टोपी बहुतेक शब्दांत ऐच्छिक ठरली. पण जिथे टोपीवर अर्थ अवलंबून होता तिथे ती राखली. टोपी नसली तर 'भिंत', टोपी घातली की 'पिकलेलं'. टोपी नसली तर 'तरुण', घातली की 'उपास'. पंचवीस वर्षं या सुधारणेकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१६ मध्ये शाळेच्या पुस्तकांत ती येणार असं कळल्यावर देशभर ओरड झाली. टोपी वाचवायला माणसं सरसावली. अनुस्वारावरून आपल्याकडे झालेले वाद ज्यांनी वाचले असतील, त्यांना यात परकं काही वाटणार नाही.

अनुस्वाराचा आणखी एक नातेवाईक आपल्याला गोव्यात भेटतो. पणजीच्या फोंतेन्यसकडे गेलात तर पोर्तुगीज नावांत 'सांव' हा शब्द दिसेल, अर्थ संत. त्यात 'ए'वर एक नागमोडी लाट असते. जुने लेखनिक जागा आणि श्रम वाचवायला 'एन' स्वराच्या शेजारी न लिहिता डोक्यावर ठेवत. घाईत त्याची लाट झाली. ती लाट दिसली की नाकात बोलायचं. आपलं टिंब दुसरं काय सांगतं?

(३) मोठ्या अक्षरांचं काय?

द्यायची असतात, आणि अकादमीचंही म्हणणं तेच आहे. पण बरेच फ्रेंच लोक देत नाहीत आणि "शाळेत नको म्हणून सांगितलं होतं" असं छातीठोक सांगतात. कारण यंत्राचं. टाइपरायटरवर मोठ्या अक्षरांसोबत काड्या द्यायची सोय नव्हती, छापखान्यात उंच अक्षराच्या डोक्यावर जागा पुरत नसे. अडचणीची सवय झाली आणि सवयीचा नियम.

त्याने काय बिघडतं याचं तिथले भाषाशिक्षक ठरलेलं उदाहरण देतात. वर्तमानपत्राचा मोठ्या लिपीतला मथळा : 'एक पोलीस' आणि पुढे एक क्रियापद. शेवटच्या 'ई'वर काडी नसेल तर अर्थ 'पोलीस ठार मारतो', काडी असेल तर 'पोलीस ठार'. काडी गाळली की मारणारा आणि मेलेला यांतला फरक पुसला जातो.

आपल्याकडे याच जातीची एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या सुरतेच्या पेढ्यांना फार जवळची आहे. व्यापारी लोक हिशेब आणि हुंड्या घाईने लिहीत. त्या लिपीला महाजनी म्हणत, सराफी म्हणत, गुजरातेत वाणियाशाई म्हणत. तिच्यात काना-मात्रा देण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे, नुसती अक्षरं टाकत. एका पेढीवरून चिठ्ठी गेली : 'काका अजमेर गया'. वाचणाऱ्याने काना-मात्रा आपल्या मनाने घातल्या आणि वाचलं : 'काका आज मर गया'. घरात रडारड सुरू झाली. गोष्ट कुणीतरी रचलेली असणार, पण ती पेढीवरच रचली गेली असणार. आजची गुजराती लिपी याच व्यापारी हातातून पुढे आली, फक्त काना-मात्रा तिने परत घेतल्या.

फ्रेंच लिहिणारा हात सुरतेत आला त्यालाही साडेतीनशे वर्षं झाली. फ्रेंच कंपनीची हिंदुस्थानातली पहिली वखार १६६८ मध्ये सुरतेलाच उघडली. फ्रांस्वा कारों तिचा प्रमुख. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या दोन स्वाऱ्यांच्या, म्हणजे १६६४ आणि १६७० च्या, मधली ही गोष्ट. अकादमीच्या कोशाच्या १७४० च्या आवृत्तीला तेव्हा अजून जवळजवळ पाऊणशे वर्षं अवकाश होता, म्हणून त्या पिढीचा कारकून 'ओपिताल'मध्ये मुका 'स' लिहायचा. काड्या-टोप्या पॅरिसच्या छापखानेवाल्यांनी १५३० च्या सुमारास काढल्या होत्या खऱ्या. जोफ्रुआ तोरी, रोबेर एस्तिएन ही त्यांतली नावं. पण हाताने लिहिणारे त्या बाबतीत हात आखडता घेत.

हे ध्यानात घ्या : ही चिन्हं काढली ती छापणाऱ्यांनी. छापणाऱ्याचा वाचक अनोळखी असतो. पत्र लिहिणारा ज्याला लिहितो तो माणूस ओळखीचा असतो, तो चुकलं-माकलं सांभाळून घेतो. छापखान्यातून निघालेलं पान कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

त्या वखारीनंतर नव्वद वर्षांनी, १७५८ मध्ये, दुसरा एक फ्रेंच तरुण सुरतेत उतरला : आंकेतील द्युपेरों. त्याचा भाऊ फ्रेंच वखारीत होता. याला मात्र व्यापारात रस नव्हता. त्याला पारशांचे धर्मग्रंथ वाचायला शिकायचं होतं. दस्तूर दाराब या पारशी धर्मगुरूंनी त्याला शिकवलं, दोघांतली बोलाचाली फारसीत. १७६१ पर्यंत तो सुरतेत पोथ्या उतरवून घेत राहिला. मग एकशेऐंशी हस्तलिखितं घेऊन पॅरिसला पोचला आणि १७७१ मध्ये त्या ग्रंथांचं, म्हणजे अवेस्ताचं, फ्रेंच भाषांतर छापलं. युरोपने अवेस्ता पहिल्यांदा वाचली ती सुरतेत शिकलेल्या माणसाकडून.

त्याने इथे दोन लिप्या गिरवल्या, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म त्या जोडीत आहे. पहिली पहलवी. इराणच्या जुन्या दफ्तरांची ही घाईची लिपी, स्वर बहुतेक गाळलेले. लिहिता लिहिता अक्षरं झिजून अशी एकसारखी झालेली की 'न', 'व' आणि 'र' यांना एकच खूण. ज्याला मजकूर आधीच ठाऊक आहे तोच वाचू जाणे. दुसरी अवेस्ता लिपी. मंत्र पाठ असणारी माणसं कमी होत गेली, तर उच्चार बुडेल या काळजीने पहलवीतूनच ती घडवली. पन्नासच्या वर अक्षरं, प्रत्येक स्वराला स्वतंत्र खूण, ह्रस्व वेगळा आणि दीर्घ वेगळा. पहिली लिपी लिहिणाऱ्याच्या हाताला जपते, दुसरी अजून जन्माला न आलेल्या वाचणाऱ्याच्या जिभेला.

(४) आपली मोडी, तुमची गुजराती आणि मुलीची रेघ

आपल्याकडे जोडून लिहायची पद्धत होती का? होती, आणि चांगली सहाशे-सातशे वर्षं होती. तिचं नाव मोडी. परंपरा तिचं श्रेय यादवांच्या काळातल्या हेमाडपंतांना देते. अक्षरं मोडून, म्हणजे वळवून, हात न थांबवता लिहायची म्हणून मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती चालू होती. पुण्याचं पेशवे दफ्तर, तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय ही तिची मोठी कोठारं.

मोडीचा कारकून कसा लिहायचा ते डोळ्यांपुढे आणा. मांडीवर किंवा डेस्कावर कागद. बोरू शाईत बुडवायचा आणि आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ मारून घ्यायची. मग त्या रेघेला दोरीवर कपडे वाळत घालावे तशी अक्षरं लटकवत जायचं. एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या कानात. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, वाक्य संपलं तरी दंड नाही. बोरूतली शाई संपेल तेव्हाच हात वर. शाळेत आपण आधी शब्द लिहितो आणि मागून त्यावर रेघ देतो, जसा फ्रेंच मुलगा मागून काडी देतो. मोडीत रेघ सगळ्यात आधी. त्यामुळे मागे येण्याचं कारणच उरत नाही.

या वेगासाठी मोडीने जे सोडलं तेही सांगायला हवं. ह्रस्व-दीर्घ तिने सोडलं. मोडीत 'दिन' आणि 'दीन' सारखेच, 'सुत' आणि 'सूत' सारखेच. अनुस्वारही लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. सरकारी कागदाला हे चालत होतं, कारण लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच दफ्तरात घडलेले. आज एखाद्याला आजोबांच्या जमिनीचा मोडी कागद सापडतो आणि तो वाचायला माणूस शोधत हिंडावं लागतं, तेव्हा त्या वाचलेल्या वेळाची भरपाई नातू करत असतो.

मोडीच्या काळातच पोथ्या वेगळ्या लिपीत लिहिल्या जात. सुटं-सुटं अक्षर, काना-मात्रा-वेलांटी सगळं जागच्या जागी. आपण आज लिहितो ती देवनागरी. तिला नाव काय होतं? बाळबोध. बाळालाही बोध व्हावा अशी. फ्रेंचांनी एकाच कागदावर जे करून दाखवलंय ते हेच. खाली मोडीचा वेग ठेवला आणि डोक्यावर बाळबोधाची काळजी. शब्दभर हात पळतो, शेवटी थांबतो, मागे येतो, वाचणाऱ्यासाठी दोन काड्या देतो आणि पुढे जातो.

आता तुमच्या मुलीचा निवाडा. तिच्याकडून दोन चुका होतात आणि दोन्हींचं वजन सारखं नाही.

वरची रेघ : गुजरातीने ती टाकून दिली आणि गुजरातीचं काही अडलं नाही. मुलगी पाच वर्षं रेघेशिवाय लिहितेय, हाताला तेच वळण लागलंय. घाईत लिहिताना रेघ न देणारे मराठीत शिकून मोठे झालेलेही पुष्कळ आहेत, त्यांत हे उत्तर लिहिणारा एक. फक्त दोन जोड्या तिला दाखवून द्या : 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ'. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर रेघ तुटते, 'घ' आणि 'म' यांच्यावर अखंड जाते. रेघ नाही दिली तर ही मदत जाते आणि 'घर'चं 'धर' होऊ शकतं. त्यासाठी 'ध' आणि 'भ' यांची डावीकडची गाठ ठळक काढायला शिकवा. गुजरातीतही 'घ' आणि 'ध' नवशिक्याला घाम फोडतात, तेव्हा तिला हे दुखणं नवं नसेल. यावरून रागवू नका.

टिंब : इथे मात्र सैल सोडू नका. 'भाग' आणि 'भांग' यांत एका टिंबाचा फरक आहे. 'खत' शेतात घालतात आणि 'खंत' मनात राहते. 'पत' गेली तर 'पंत' पडतात. आणि बोलीतलं नपुंसकलिंगी अनेकवचन तर त्या एका टिंबावरच उभं असतं : 'घर' म्हणजे एक, 'घरं' म्हणजे अनेक. टिंब विसरलं की तीन घरांचा आकडा एकावर आला.

तिला हे सगळं व्याख्यान देऊ नका, कंटाळेल. त्यापेक्षा एक करा. पुढच्या वेळी भेस्तान स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभ्या असाल तेव्हा तिला नावाच्या पाटीसमोर न्या. एकच नाव तीनदा लिहिलेलं असतं. देवनागरीत रेघेसकट, गुजरातीत रेघेशिवाय. तिला दोन्ही वाचायला सांगा. ती दोन्हीकडे 'भेस्तान'च वाचेल, कारण मात्रा आणि काना दोन्हीकडे जागेवर आहेत. मग इंग्रजी ओळ दाखवा आणि म्हणा, तू या गावची नाहीस असं समज, आता वाच. 'भेस्टन' की 'भेस्टान' की 'भेस्तन'? अक्षरं सगळी आहेत, पण काना नाही आणि 'त'-'ट'ची खूणही नाही. परगावचा माणूस अडखळतो तो इथेच. आणि तिथून दोन स्टेशनं पुढे सुरतेला उतरलात तर तिथली पाटीही दाखवा. गुजरातीत ह्रस्व 'सु', हिंदीत दीर्घ 'सू'. इंग्रजीला त्या वादाचा पत्ताच नाही.

मग तिच्या हातात पेन्सिल आणि ती लियाँची वही द्या. इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव लिहायला सांगा आणि म्हणा, यावर तुला वाटेल ती काडी, टोपी, टिंब दे, पण असं दे की तुझ्या दादाच्या कॉलेजातल्या फ्रेंच मित्राने पहिल्या फटक्यात 'भेस्तान' म्हटलं पाहिजे. ती काय काढते ते मलाही बघायचंय. पान पाठवून द्या.